बावीस लाडू

वसमतपासून आठ-नऊ किलोमीटरवर, कालव्याच्या अलीकडे, सावरखेडा म्हणून गाव आहे. त्या गावात शिला बोखारे नावाची बाई राहते आणि आपण नेमकं केलं काय, हे त्या बाईला अजून उमगलेलं नाही. विचारलं तर ती सगळं सांगते, काही म्हणता काही लपवत नाही. सांगून झाल्यावर मात्र आपल्यालाच विचारते, "तुमीच सांगा बरं, माझं कुठं चुकलं?" ऐकणारा शहाणा असेल तर तो चहा संपवून उठतो.

हळद म्हटली की लोकांना लग्न आठवतं. शिलाला गुडघे आठवतात. फेब्रुवारी लागला की कंद उपटायचे, माती झटकायची, मधले जेठे गड्डे एकीकडे आणि त्यांना फुटलेली हळकुंडं एकीकडे करायची, शिजून आलेली हळद उन्हात पसरायची, उलथायची, पुन्हा गोळा करायची. हे सगळं उकिडवं बसून. आधी घरच्या दीड एकरात आणि ते उरकलं की दुसऱ्यांच्या शेतात. वीस वर्षं असं बसल्यावर गुडघ्यांनी एक दिवस साफ सांगून टाकलं की आता आम्ही उठत नसतो. दवाखान्यात गेली तर तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, खाली बसायचं नाही. खाली न बसता हळद कशी वेचतात ते तुम्हीच दाखवा, हे शिलाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मागे रांग मोठी होती.

मग माहेरी गेली असताना भावजयीनं तिला आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात नेलं. तिथे संतराम बुवा बसायचे. पांढरी दाढी, गळ्यात माळ, समोर मुळ्यांच्या जुड्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्यांचा ढीग. "बत्तीस मुळ्या हायेत," बुवा म्हणाले, "गोळी म्हणशील तर एक न्हाई. रोज सकाळी एक पुडी, कोमट पान्यासंगं." शिलानं महिन्याच्या पुड्या पदराला बांधून आणल्या. चौथ्या दिवशी ती खराटा घेऊन अंगण झाडायला उभी राहिली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, प्रेमदासनं, चहाचा कप खाली ठेवला. त्या घरात आश्चर्य दाखवायची पद्धत तेवढीच.

तीन वर्षं तिनं पुडी सोडली नाही. भूक वाढली, अंग भरलं, तोंड चांगलं गोल गरगरीत झालं. शेतातल्या बाया म्हणायच्या, "मानवलं गं बाई तुला." शिलालाही ते पटलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काहीतरी मानवत होतं.

तिची मुलगी सृष्टी, एकुलती एक. अंगानं काटकी, स्वभावानं आईच्या उलट, म्हणजे पहिल्यापासून तिला जे काय करायचं ते पक्कं माहीत. आठवीत असताना शाळेच्या स्पर्धेत ती पळाली आणि तिथे बघायला आलेल्या जुनेद सरांनी हातातलं घड्याळ दोनदा तपासलं. जुनेद सर वसमतचे. घरचं कापडाचं दुकान भावावर सोपवून हा माणूस पहाटे मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून पोरापोरींना पळवायचा. पोलीस भरतीवाले, सैन्यभरतीवाले, सगळे त्याच्याकडे. फी देईल त्याची घ्यायची, न देणाऱ्याला विचारायचं नाही. सृष्टी रोज सायकलवर तिकडे जायची. सतरावं लागलं तोवर ती तीन हजार मीटरला राज्यात दुसरी आली होती.

सरांचा एकच नियम कडक होता. मला विचारल्याशिवाय कोणाची गोळी घ्यायची नाही, इंजेक्शन घ्यायचं नाही, खोकल्याचं औषधसुद्धा नाही. सृष्टीनं तो असा पाळला की ताप आला तरी ती आधी गोळीच्या पाकिटाचा फोटो सरांना पाठवायची आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत कण्हत बसायची. शिलाला त्याचा राग यायचा. सटवाईनं लेकरू आपल्या ओटीत घातलं का त्या सरांच्या, असं ती प्रेमदासला विचारायची. प्रेमदास बैलांना वैरण टाकायला उठून जायचा.

डिसेंबरात भोपाळला देशपातळीवरची ज्युनिअर स्पर्धा होती आणि दोन आठवडे आधी सृष्टीची नडगी दुखायला लागली. सरांनी चार दिवस विश्रांती दिली, बर्फ लावायला सांगितला. पोरगी दिवसा काही बोलायची नाही, पण पायऱ्या उतरताना ओठ चावायची. शिला चुलीपुढून ते बघायची. दुखणं म्हणजे काय हे त्या घरात तिच्याइतकं कोणाला कळत होतं? आणि त्यावरचा उपाय तर फडताळात डब्यात ठेवलेला होता. ती एकदा म्हणाली, "माही एक पुडी घेऊन बघती का?" सृष्टीनं नुसतं डोळे वटारून बघितलं.

आता इथे शिलाची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातनं निघालं. सरांनी नाही म्हटलं होतं ते गोळीला. इंजेक्शनला. औषधाला. पुडी यातलं काहीच नव्हती. ती मुळ्यांची भुकटी होती, शेताच्या बांधावर उगवते तसली. बाळंतिणीच्या लाडवात सुंठ घालतात ते काय डॉक्टरला विचारून घालतात? म्हणून सृष्टीसाठी मेथीचे लाडू करताना तिनं त्यात बुवांच्या पुड्या मळल्या. लाडू झाले बावीस, पुड्या घातल्या अकरा. लेकरू लहान, मोठ्या माणसाचा डोस तिला कशाला, म्हणून अर्धी अर्धी. एवढी काळजी तिनं घेतली होती. रोज सकाळी एकच लाडू खायला तिनं पोरीला बजावलं आणि भोपाळला जाताना उरलेले डब्यात भरून दिले.

नडगी दुखायची थांबली. सृष्टी म्हणाली, विश्रांतीनं थांबली. सरही म्हणाले, विश्रांतीनं थांबली. शिला गालातल्या गालात हसली आणि तिनं त्यांना तसं म्हणू दिलं. आईपणाची ही एक चैन असते आणि ती तिनं पुरेपूर भोगली.

भोपाळला सृष्टी पहिली आली. आता इथे डीजे, गुलाल, जेसीबीतून फुलं, सरपंचाचं भाषण हे सगळं झालं असं समजा. शिलाला मात्र त्या सगळ्यापेक्षा पोरीनं सांगितलेली एक गंमत जास्त आवडली. पळून झाल्याबरोबर तपासणीवाली एक दिल्लीची बाई आली म्हणे, नाव विचारलं आणि त्यानंतर पोरीला क्षणभर सोडेचना. पाणी प्यायलं तरी शेजारी, कपडे बदलले तरी शेजारी. शेवटी संडासातसुद्धा आत आली आणि समोर उभी राहिली. मग दोन बाटल्यांत भरून घेतलं, सील केलं, सही घेतली. शेतातल्या बाया हळकुंडं टाकून हसल्या. शिला म्हणाली, "हसता काय? दिल्लीवाल्याईला आपल्या पोरीचं मूतसुदिक जपून ठेवावं वाटलं, तुमचं कोण इचारतंय?"

फेब्रुवारीत हळद काढणी चालू असताना जुनेद सर मोटारसायकल बांधावर लावून शेतात चालत आले. हा माणूस कधी शेतात आला नव्हता. सृष्टी त्या दिवशी घरीच होती, तीही मागून आली. सरांनी फोन हातात धरला होता आणि बोलताना ते कोणाकडेच बघत नव्हते.

"दिल्लीहून डोपिंग तपासणाऱ्यांचा मेल आलाय," ते म्हणाले. "सृष्टीच्या सॅम्पलमधे डेक्सामेथासोन निघालं. स्टिरॉइड असतं. स्पर्धेच्या वेळी अंगात चालत नाही. तिला आजपासून पळायला बंदी आहे, चौकशी होईपर्यंत. मेडल बी जाईल."

"निघालं म्हंजी?" शिला म्हणाली. "कोनी ठेवलं तिथं?"

"पोटात गेल्याशिवाय निघत नाही, ताई."

सृष्टी म्हणाली, "सर, मी काहीच घेतलं न्हाई." सर म्हणाले, मला माहीत आहे. ते खरंच माहीत असल्यासारखं म्हणाले की नाही, यावर शिलानं पुढे पुष्कळ विचार केला.

गावाला मात्र विचार करायची गरज पडली नाही. गुलाल उधळणारेच आठ दिवसांत म्हणायला लागले की एवढी काटकी पोरगी उगीच का पहिली येती? मग बोट आपोआप सरांकडे वळलं. तो पोरांना इंजेक्शनं देतो, गोळ्या देतो, आम्हाला आधीच माहीत होतं, असं म्हणणारे पन्नास निघाले. त्यातल्या काहींना तर त्याचं नावच पुरेसं होतं. लोकांनी आपापल्या पोरी मैदानावरनं काढून घेतल्या. प्रेमदासला कोणीतरी चौकात सांगितलं की केस ठोका, आम्ही पाठीशी आहोत. प्रेमदास घरी येऊन नुसता बसला.

शिलालाही सरांचाच संशय आला, हे तिच्या वतीनं सांगायला पाहिजे, कारण ती स्वतः ते सांगते. सरांनी सृष्टीला प्रोटीनचा एक डबा दिला होता. ती एसटीनं वसमतला गेली, मैदानावर उभी राहिली आणि उरलेल्या सात-आठ पोरांसमोर त्या माणसाला नाही नाही ते बोलली. "माह्या लेकराच्या अंगात काय घातलं तुमी? काहून घातलं?" सर शेवटी म्हणाले, "ताई, डबा मी लॅबला पाठवलाय. तुमचा राग बराबर आहे." डब्यात काही निघालं नाही.

मग दिल्लीहून एक कागद आला. स्पर्धेच्या आधीच्या दहा दिवसांत पोटात गेलेली प्रत्येक वस्तू लिहायची. सृष्टी अंगणात पाय पसरून वही घेऊन बसली. भाकरी, पिठलं, मटकी, प्रवासातली केळी, मामीनं दिलेला चिवडा. पानभर झालं.

"आई, लाडवात काय काय व्हतं?"

"मेथ्या," शिला म्हणाली. "कणीक. गूळ. तूप. डिंक, खारीक."

"आजून?"

शिलाच्या हातात सूप होतं. तिला पुडी आठवली, नाही असं नाही. पण पुडी सांगितली तर पोरगी घर डोक्यावर घेईल, नियम मोडला म्हणेल. आणि सांगून निघणार काय? मुळ्यांची भुकटी! दिल्लीवाले शोधतायत ते इंग्रजी औषध, त्याचा बांधावरच्या मुळ्यांशी काय संबंध? उगीच गोंधळात आणखी गोंधळ. "न्हाई," ती म्हणाली. सृष्टीनं लिहिलं आणि पान उलटलं.

त्या दिवसापासून मात्र शिलाला अन्न गोड लागेना. एक मन म्हणायचं, संबंध नाही. दुसरं म्हणायचं, मग पोरीपुढं लपवलं काहून? शेवटी ती भावजयीकडे जाते असं सांगून बाळापूरच्या बाजारात गेली आणि बुवांपुढे बसली.

"बुवा, खरं सांगा. ह्यात इंग्रजी काही हाये का?"

बुवांना वाईट वाटलं. त्यांनी तिच्यादेखत एक पुडी फोडली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. "मी सोता रोज खातो, लेकी. तीस मुळ्या माह्या हातानं कुटतो. दोन चिजा नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडून आनतो, त्या आपल्याकडं उगवत न्हाईत. पांढरी भुकटी असती. तिच्याबिगर गुण येत न्हाई."

"ती कशाची असती?"

"हिमालयातल्या मुळीची. तो म्हनतो तशी."

बुवा खोटं बोलत नव्हते, एवढं शिलाला दिसलं. त्यांचं तोंडही तिच्यासारखंच गोल गरगरीत होतं. ती एसटीत बसली तेव्हा येताना होती त्याहून जास्त गोंधळलेली होती.

मग तिनं आपल्या डोक्यानं एक परीक्षा काढली. तिच्या चुलतसासऱ्यानं दारू सोडली होती तेव्हा आठ दिवस त्याचं अंग थरथरलं होतं, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. नशेची चीज असेल तर सुटताना अंग मागतं. मुळ्या असतील तर काही होणार नाही. आपल्या देहावर करायची परीक्षा, कोणाला विचारायचं कारण नाही. तिनं पुडी बंद केली. पहिले दोन दिवस गुडघे ठणकले, ते चालायचंच. तिसऱ्या दिवशी भूक गेली. चौथ्या दिवशी ओकाऱ्या. पाचव्या दिवशी ती शेतात वाळत घातलेल्या हळदीवर आडवी झाली आणि बायांनी हाका मारल्या तरी तिला उत्तर देता येईना.

वसमतच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टर साधना मॅडम म्हणून होत्या, त्यांनी बीपी बघितलं, तिचं तोंड बघितलं, पोटावरच्या जांभळ्या रेघा बघितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गुडघ्याला कोणाची पुडी खाता?"

शिलाला वाटलं, ह्या बाईला देव प्रसन्न आहे.

"ह्या भागात अशी तोंडं मी रोज बघते," मॅडम प्रेमदासला म्हणाल्या. "पुडीत स्टिरॉइड घालतात. बहुतेक डेक्सामेथासोन. दुखणं पळतं, भूक वाढते, माणसाला वाटतं गुण आला. आणि एकदम सोडलं की अंग असं बसतं."

सृष्टी पलंगाच्या पायाशी उभी होती. तो शब्द तिनं गेल्या दीड महिन्यात इतक्या वेळा वाचला होता की झोपेतसुद्धा तिनं तो स्पेलिंगसकट सांगितला असता. ती मॅडमकडे बघत होती. मग तिनं आईकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "लाडवात काय व्हतं?"

शिलाच्या हाताला सलाईनची सुई होती, नाहीतर तिनं तोंड झाकलं असतं. "अर्धी अर्धीच घातली व्हती गं," ती म्हणाली. "तुहा पाय दुखून राह्यला व्हता."

सृष्टी ओरडली नाही. ओरडली असती तर शिलाला बरं वाटलं असतं. ती खोलीबाहेर गेली आणि तिनं सरांना फोन लावला. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिनं एकच गोष्ट विचारली आणि ती तिनं आईलाच विचारली की भिंतीला, हे कळायला मार्ग नव्हता. "मंग भोपाळात पळालं कोन? मी का तुही पुडी?"

 

त्याहून मोठा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. साधना मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की ह्या रोज घ्यायच्या, पंधरा पंधरा दिवसांनी थोड्या थोड्या कमी करायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत, नाहीतर जिवावर बेतेल. शिलानं विचारलं ह्या कशाच्या. त्याच जातीच्या, मॅडम म्हणाल्या. आता बघा. जी वस्तू पोरीच्या पोटात गेली म्हणून दिल्लीवाले मेडल काढून घेतात, तीच वस्तू आईच्या पोटात गेली नाही तर ती मरते. पुडीत असली तर विष, चिठ्ठीवर लिहिली तर औषध, लाडवात मळली तर गुन्हा. शिलानं हे तीनदा मनाशी म्हणून बघितलं. प्रेमदासला विचारलं, तर तो म्हणाला, "गोळी घे." त्या दिवशी तेवढंच खरं होतं.

सर दवाखान्यात आले. शिलानं उठून त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला तर त्यांनी तिला दोन्ही हातांनी थांबवलं. "ताई, हे तुम्ही दिल्लीला सांगाल?" एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, दिल्लीला काय, गावातल्या पारावर उभी राहून सांगते.

आणि तिनं सांगितलंही. पारावर नाही, पण ग्रामपंचायतीपुढे, चार माणसं असताना, की सरांचा काही दोष नाही, मी माझ्या हातानं घातलं. लोकांनी ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की जुनेद सरनं बाईला पढवलं, आईवर ढकललं की पोरगी सुटते म्हणून. शिला थक्क झाली. खोटं होतं तेव्हा गावानं ते एका दिवसात मानलं, आणि आता ती आपल्या तोंडानं खरं सांगतेय तर कोणी घ्यायला तयार नाही! मैदानावरनं गेलेल्या पोरींपैकी दोघीच परत आल्या. बुवांची बाजारातली जागा पुढच्या आठवड्यात रिकामी होती. कोणी म्हणे पळाला, कोणी म्हणे तोही कुठल्याशा दवाखान्यात पडून आहे.

डब्यात सहा पुड्या उरल्या होत्या. त्या सीलबंद करून लॅबला गेल्या, अहवाल आला, त्यात तेच नाव होतं. जूनमध्ये सुनावणी झाली, सरांच्या घरी, लॅपटॉपवर. पडद्यावर तीन माणसं, त्यात एक बाई. सृष्टीचं झाल्यावर शिलाला समोर बसवलं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि पदर इतका ओढून घेतला होता की सरांना सांगावं लागलं, ताई, तोंड दिसू द्या. तिला हिंदी येतं ते वसमतच्या बाजारातलं. त्यांनी विचारलं, लाडू कितने थे. तिनं सांगितलं, बावीस. पुडिया कितनी. अकरा. बेटी को मालूम था? नहीं था जी.

मग पडद्यावरची बाई म्हणाली, "आपने बेटी से पूछा क्यों नहीं?"

शिलाला प्रश्न कळला, पण तो कोणी विचारावा हेच तिला कळेना. "पूछके कौन खिलाता जी," ती म्हणाली, "अपने लेकरू को?"

 मग त्या बाईनं आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

निकाल महिन्याभरानं आला. सरांनी तो मराठीत समजावून सांगितला. आईचं म्हणणं त्यांनी मानलं होतं, पुडीचा अहवाल मानला होता, पोरीनं मुद्दाम केलं नाही हेही मानलं होतं. म्हणून मोठी बंदी टळली. फेब्रुवारीपासून धरून एक वर्ष. मेडल परत. आणि शेवटी एक वाक्य होतं, ते सरांनी दोनदा वाचलं: खेळाडूच्या पोटात जे जाईल त्याची जबाबदारी खेळाडूची, ते कोणाच्या हातून जातं याला महत्त्व नाही.

"आईच्या हातून गेलं तरी?" शिलानं विचारलं.

"आईच्या हातून गेलं तरी," सर म्हणाले.

सृष्टीनं त्या वाक्याचा अर्थ शब्दाला शब्द लावून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची भाकरी स्वतः थापायला लागली. भांडण नाही, अबोला नाही. आईला वेळेवर गोळी देण्याचं कामही तिनंच घेतलं. चिठ्ठी बघायची, गोळीचा अर्धा तुकडा करायचा, आईच्या तळहातावर ठेवायचा आणि ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. मैदानावर जायला बंदी, म्हणून पहाटे एकटीच कालव्याच्या रस्त्यानं पळायची. नडगी दुखली तर थांबायची, वहीत लिहायची, घरी यायची. शिला चुलीपाशी बसून बघायची. पोरीच्या तव्यावर हात घालायची तिला छाती होत नव्हती. शेजारणी म्हणायच्या, पोरगी कामाची झाली. शिला हूं म्हणायची आणि आत जाऊन रडायची.

दिवाळीच्या पुढे मागे सृष्टीनं एक दिवस आईनं केलेली भाजी ताटात घेतली. घेताना विचारलं, "ह्याच्यात काय काय हाये?" शिलानं सांगितलं, वांगं, तेल, मीठ, तिखट, हळद, दाण्याचं कूट. "आजून?" आजून काही न्हाई. पोरगी जेवली. शिलाला वाटलं, एवढं तर एवढं. त्यानंतर तो नेमच झाला. रोज ताट वाढायचं, रोज तिनं विचारायचं, रोज हिनं सांगायचं. सुरुवातीला शिलाला ते सुईसारखं टोचायचं. मग ती सांगताना हळू झाली, एकेक जिन्नस आठवून, डब्याकडे बघून सांगायला लागली. बाजारातनं तिखट आणलं तर कुठल्या दुकानातलं तेही सांगायला लागली.

जानेवारीत, बंदी सुटायला महिना राहिला असताना, सृष्टी एका सकाळी पळून आली ती खूश होऊन. कालव्याच्या रस्त्यावरचे अंतराचे दगड मोजून तिनं वेळ लावली होती आणि ती भोपाळच्या वेळेहून चार सेकंदांनी कमी निघाली होती, पोटात कोणाची काही पुडी नसताना. दोनदा पळून बघितलं म्हणाली, दोनदा तीच वेळ. शिला म्हणाली, "मंग तूच पळाली व्हती ना गं तवा बी?" सृष्टी म्हणाली, "काय माहीत. पन आज मीच पळाले." तिला कडकडून भूक लागली होती. आईनं वाढलेलं ताट तिनं ओढून घेतलं, भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि काही न विचारता घास तोंडाशी नेला.

इतके महिने शिला ह्याच घासाची वाट बघत होती. आणि तिनंच पुढे होऊन पोरीचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी इचार."

"अगं, वरन तर हाये."

"असू दे. इचार मला." तिनं मनगट सोडलं नाही. "माहा भरोसा राह्यला न्हाई मला."